ऑनलाइन शोकाचा अभ्यास: जे लिहीत नाहीत त्यांचं काय?

सोशल मीडियावरच्या शोकावर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक लेख तुमच्या वाचनात येणारच. जेड ब्रुबेकर, जिलियन हेज आणि पॉल डोरिश यांचा हा लेख २०१३ साली ‘द इन्फर्मेशन सोसायटी’ या नियतकालिकात आला. लेख चांगला आहे, जरूर वाचा. पण आत्महत्येमुळे जवळचं माणूस गमावलेल्यांवर काम करणार असाल, तर त्याची चौकट जशीच्या तशी उचलू नका.

लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: फेसबुकमुळे शोक तीन अंगांनी विस्तारतो. काळाच्या अंगाने, म्हणजे अंत्यविधी उरकले तरी वाढदिवसाला वॉल पुन्हा जागी होते. स्थळाच्या अंगाने, म्हणजे बातमी कुठेही, अगदी ऑफिसातही समोर येते. आणि समाजाच्या अंगाने, म्हणजे एरवी एकमेकांना न ओळखणारे नातेवाईक, मित्र, सहकारी एकाच जागी जमतात. यातून होणारा त्रासही लेखकांना दिसतो. मात्र त्यांचा विषय आत्महत्या हा नव्हता.

आता तिसरं अंग आपल्याकडे लावून बघा. समजा, घरच्यांनी नातेवाइकांना ‘हार्ट अटॅक’ सांगितलाय. मित्रांना खरं माहीत आहे. त्यातला एक जण फोटोखाली ‘असं का केलंस रे?’ लिहून जातो. ते आईही वाचते आणि गावाकडचे काकाही. अशा घरातली बहीण पुढे काही लिहील? बहुतेक नाहीच.

केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल मांडणी केली, ज्याला समाज उघडपणे दुःख म्हणून मान्यताच देत नाही. आत्महत्येनंतरचा शोक अनेकदा तसाच असतो. म्हणून पोस्ट आणि कमेंट गोळा करून केलेल्या अभ्यासात मोठी गोची होते. सॅम्पलमध्ये येतात ते लिहू शकलेले लोक. गळलेले लोक योगायोगाने गळलेले नसतात. लाज, अपराधीपणा, घरच्यांचा दबाव यांमुळे ते गप्प असतात, आणि आपल्याला अभ्यासायचं असतं नेमकं तेच! मग ‘सोशल मीडियाने आधार मिळतो’ हा निष्कर्ष कुणाबद्दलचा, हे स्पष्ट लिहायला नको का?

दुसरा मुद्दा अर्थ लावण्याचा. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या १९९६ च्या पुस्तकापासून मृतांशी नातं टिकवणं हे आजार मानलं जात नाही. त्यामुळे रात्री जुने व्हॉट्सअॅप चॅट वाचणाऱ्याला आपण पटकन ‘नातं जपतोय’ असं लेबल लावतो. पण आत्महत्येनंतर तोच माणूस त्याच चॅटमध्ये ‘माझ्या लक्षात कसं आलं नाही?’ याचं उत्तर शोधत असू शकतो. कृती एकच, पण एक जवळीक आणि दुसरी स्वतःची उलटतपासणी. स्क्रीनवरून हा फरक कळत नाही. विचारावं लागतं, आणि तेही घाई न करता.

२०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, सर्वाधिक महाराष्ट्रात. म्हणजे हा विषय आपल्या दारातला आहे. प्रपोजल लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. न लिहिणाऱ्यांपर्यंत मी कशी किंवा कसा पोचणार?
२. पोस्ट सार्वजनिक आहे, पण ती माझ्या प्रबंधासाठी लिहिली होती का? शब्दशः उद्धृत केली तर सर्चमध्ये ते कुटुंब सापडेल.
३. मुलाखतीत समोरची व्यक्ती कोलमडली, तर काय करायचं हे आधीच ठरलंय का? टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवा, पण तेवढ्यावर भागवू नका. मुलाखत थांबवायची आपली तयारी हवी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर मुलाखती अजून सुरू करू नका. डेटा थोडा उशिरा मिळाला तरी चालेल.