हरताळाखालील पाठ : परदेशांतील लष्करी विमानसंग्रहालयांचे एक वाचन

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यास हरताळाचा परिचय असतोच. चुकलेले अक्षर खोडण्याऐवजी लेखनिक त्यावर पिवळा हरताळ फाशी आणि त्याच जागी नवे अक्षर लिही. वाचणाऱ्यास वरचे अक्षर दिसे; परंतु पान उजेडात तिरपे धरले तर खालच्या अक्षराची छाया पुष्कळदा उमटते, आणि संशोधकाचे खरे कुतूहल तेथून सुरू होते. परदेशप्रवासात लष्करी विमानांची संग्रहालये पाहताना या हरताळाची आठवण व्हावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. आपल्याकडील प्रवासवर्णनांत अशी संग्रहालये येतात ती बहुधा थक्क होण्यासाठी. लेखक विमानाचा आकार सांगतो, वेग सांगतो, युद्धाच्या भीषणतेविषयी दोन वाक्ये लिहितो आणि पुढील शहराकडे वळतो. वस्तुतः संग्रहालयात उभे केलेले विमान ही कोणीतरी संपादित केलेली संहिता असते. संपादनाच्या कसोट्या तिला लावून पाहिल्या तर काय हाती लागते, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

एकच उदाहरण थोडे विस्ताराने घेतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील ट्यूसन शहराजवळ पिमा विमान व अवकाश संग्रहालय आहे. तेथे ‘लिबरेटर’ जातीचे एक चार एंजिनांचे बाँबफेकी विमान आहे. दुसऱ्या महायुद्धात या जातीची अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. आज त्यांतली मोजकीच शिल्लक आहेत. पिमा येथील विमानावर ‘बंगी बकरू’ हे नाव रंगविलेले आहे. बंगी हे इंग्लंडच्या पूर्व भागातील गाव. तेथील तळावरून अमेरिकेच्या आठव्या वायुदलाची लिबरेटर विमाने जर्मनीवर जात. अर्थात पाहणारा असे समजतो की, आपण जर्मनीवर जाऊन आलेल्या एका विमानासमोर उभे आहोत. परंतु हे विमान त्या तळावरचे नव्हे. ते ब्रिटिश वायुदलाला दिले गेले होते, आणि १९६९ साली पिमाला आले ते भारतीय वायुदलाची भेट म्हणून.

ही भेट कशी घडली, हे कळल्यावाचून हरताळाची जाडी लक्षात येत नाही. युद्ध संपले तेव्हा लेंड-लीज करारान्वये ब्रिटिशांना मिळालेली अनेक लिबरेटर विमाने कानपूरच्या तळावर उभी होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत अशा हेतूने त्यांची मोडतोड करण्यात आली. एंजिनांत वाळू घातली, सांगाड्यांना भोके पाडली, असे वृत्तान्त आहेत. १९४८ साली नव्या भारतीय वायुदलाला अवजड बाँबफेकी विमानांची निकड भासली, तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने या भंगाराकडे दृष्टी वळविली. जुजबी दुरुस्ती करून, कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपुराहून बंगलोरला उडवीत नेली. तेथे सुमारे चाळीस विमाने पुनश्च कामास योग्य करण्यात आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ५ क्रमांकाचे पथक त्यांवर उभे राहिले. पुढे ६ क्रमांकाच्या पथकाने पुण्याच्या लोहगाव तळावरून समुद्रावरील टेहळणीसाठी ती वापरली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, आणि त्या वेळी जगातील अन्य कोणत्याही देशाच्या सैन्यात हे विमान उरलेले नव्हते.

आता हिशेब मांडावा. १९४४ च्या सुमारास बांधलेल्या अशा विमानाचे महायुद्धातील आयुष्य फार तर वर्षा-दीड वर्षाचे. भारतीय आयुष्य वीस वर्षांचे. संग्रहालयाने निवडलेले आयुष्य मात्र या दोहोंपैकी कोणतेच नाही. नोंदफलकावर भारताचा उल्लेख असला, तरी प्रेक्षक प्रथम वाचतो तो रंग. फलक वाचणारे थोडे. जे विमान मोडीतून उठवावे लागले नसते तर संग्रहालयाला मिळालेच नसते, त्याच्या अंगावर ते मोडीतून उठविणाऱ्यांची खूण दिसत नाही.

येथे एक भेद करणे न्याय्य होईल. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भारताने १९७४ साली एक लिबरेटर दिले. तेही ब्रिटिश रंगात सजविण्यात आले. परंतु ते विमान ब्रिटिश वायुदलात खरोखरच होते. संपादकीय परिभाषेत बोलायचे तर येथे उत्तरकालीन पाठ बाजूस सारून पूर्वीचा पाठ पुनःस्थापित केला आहे. त्याविषयी वाद घालता येईल, पण त्यास असत्य म्हणता येणार नाही. पिमाचे प्रकरण निराळे. तो प्रक्षेप आहे. तिसरे उदाहरण त्याहून बोलके. भारतात सेवा केलेले आणखी एक लिबरेटर १९८१ साली एका ब्रिटिश संग्राहकाने नेले. पुढे अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने ते विकत घेऊन १९८९ साली पुन्हा उडविले. त्यानंतर त्याने एकामागून एक तीन अमेरिकन विमानांची नावे व रंग धारण केले. एकाच पोथीवर तीनदा हरताळ फासून तीन निरनिराळे ग्रंथ लिहावेत, तसाच हा प्रकार आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांना क्लेश झाले ते असल्याच भरतीमुळे, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे त्यांनी बजावून ठेवले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. विमान म्हणजे पोथी नव्हे. सेवेत असतानाच त्याचे पत्रे बदलतात, एंजिने बदलतात, रंग तर सतत बदलतात. शिवाय या विमानांच्या जीर्णोद्धारामागे ज्यांचे सोबती परत आले नाहीत अशा वृद्ध सैनिकांची भावना होती. त्यांना विशिष्ट विमान नको होते, स्मारक हवे होते. हे मान्य केले पाहिजे. परंतु स्मारक आणि पुरावा ही दोन भिन्न कार्ये आहेत, आणि एकाच वस्तूकडून दोन्ही करवून घेतली की पुरावा दबतो. स्मारकासाठी दुसरा मार्ग असतो, हे इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे दिसते. तेथील अमेरिकन विमानांच्या दालनाबाहेर रेनातो नीमिस यांनी काचेची ५२ फलके उभी केली आहेत; ब्रिटनमधून निघून न परतलेल्या ७,०३१ अमेरिकन विमानांची रेखाकृती त्यांवर कोरलेली आहे. प्रत्येक आकृती एका विमानाची. कोणालाही दुसऱ्याचे नाव घ्यावे लागलेले नाही. दालनातील कोणत्याही अवजड यंत्रापेक्षा ही काच अधिक बोलते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र पाठ शुद्ध असला म्हणजे संपादन निर्दोष ठरले, असेही नाही. वॉशिंग्टनजवळ, डलेस विमानतळाच्या परिसरात, स्मिथ्सोनियन संस्थेचे उद्वार-हेझी केंद्र १५ डिसेंबर २००३ रोजी उघडले. हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे ‘एनोला गे’ तेथे संपूर्ण जोडलेल्या स्थितीत आहे. त्याच्या जीर्णोद्धारास सुमारे तीन लक्ष मनुष्य-तास लागले; येथे उसने नाव नाही. दोष आहे तो टीकेत, म्हणजे नोंदफलकात. फलक विमानाची प्रगत रचना सांगतो, लांबी-रुंदी सांगतो, हिरोशिमाचा दिनांक सांगतो. त्या दिवशी किती माणसे मेली ते सांगत नाही. यामागे इतिहास आहे. त्याच संस्थेने १९९५ साठी योजिलेल्या प्रदर्शनात बाँबचे परिणाम व तो टाकण्याच्या निर्णयावरील वाद यांना स्थान होते. माजी सैनिकांच्या संघटनांच्या विरोधामुळे ते जानेवारी १९९५ मध्ये रद्द झाले, मे महिन्यात संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला, आणि जूनमध्ये विमानाचा पुढचा भाग तेवढा अल्प मजकुरासह मांडण्यात आला. २००३ मध्ये अभ्यासकांनी व हिरोशिमातून वाचलेल्यांनी हरकत घेतली तेव्हा संग्रहालयाचा युक्तिवाद असा होता की, इतर विमानांच्या फलकांवर जितके असते तितकेच येथे आहे. सर्व ओळींना सारखीच टीप द्यावयाची, हा नियम वरवर निःपक्षपाती दिसतो. परंतु ज्या ओळीचा अर्थ लागण्यास टीप अवश्य आहे तीच त्यामुळे अर्थावाचून राहते.

ज्या पुण्याच्या धावपट्टीवरून ही लिबरेटर विमाने उडत, त्याच पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते; ते १९६६ साली पुरे झाले. त्या कामाला सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त सर्वश्रुत आहे. संपादक वर एक पाठ स्वीकारील. पण नाकारलेला प्रत्येक पाठ, तो ज्या पोथीत आहे तिच्या खुणेसह, खाली छापील. वाचकाने संपादकाशी मतभेद करावा, याची सामग्री संपादकानेच पुरवावयाची. विमानसंग्रहालयात ही तळटीप अशक्य आहे असे नाही. एका पंखाच्या टोकावर भारतीय चक्र उघडे ठेवता येईल, कानपूरची ठिगळे सापडली तर ती रंगावाचून दाखविता येतील. त्यास खर्च थोडा. अडचण आहे ती इच्छेची.

आपल्या घरीही हे पाहिले पाहिजे. दिल्लीस पालम येथील वायुदल संग्रहालयात एक लायसँडर विमान आहे. १९४२ साली ब्रह्मदेशात आपले १ क्रमांकाचे पथक याच जातीच्या विमानांवर लढले, म्हणून ते तेथे अगत्याचे. पण ते विमान ब्रह्मदेशातले नव्हे; ते कॅनडाकडून आले, आणि त्याच्या बदल्यात आपण ओटावाच्या संग्रहालयाला जे दिले तेही एक लिबरेटरच होते. पालमला एक लिबरेटर उरले आहे, भारतीय क्रमांकासह. परदेशी जाण्यापूर्वी ते पाहून जावे. तिकडे रंगाखाली काय शोधावयाचे, हे त्यावरून कळते.