शेड्यूल १८ मधलं टिपण

स्टेट बँकेच्या जाडजूड वार्षिक अहवालात नफ्याचा आकडा पाहिला की बहुतेक जण पुढची पानं उलटत नाहीत. त्यांनी शेड्यूल १८ पर्यंत जायला हवं. तिथे ‘सेगमेंट रिपोर्टिंग’चं टिपण आहे. बँकेचं उत्पन्न कुठून किती आलं याची ही फोड: ट्रेझरी, कॉर्पोरेट, रिटेल आणि इतर. एकत्रित हिशेबात विम्याची ओळ वेगळी. रिझर्व्ह बँकेने १८ एप्रिल २००७ च्या परिपत्रकात या विभागणीची चौकट घालून दिली.

खरा रस आकड्यांवरच्या व्याख्यांत आहे. रिटेल म्हणजे किरकोळ, असं आपण धरून चालतो. स्टेट बँकेची व्याख्या मात्र शाखेपासून सुरू होते. शाखेशी व्यवहार असलेल्या कंपनीचं कर्जही रिटेलच. म्हणजे सातपूरच्या कारखानदाराने शाखेतून उचललेलं कॅश क्रेडिट आणि त्याच्या कामगाराची मुदत ठेव एकाच रकान्यात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ताटकळणारे नाशिकरोड प्रेसचे निवृत्त कामगारही इथेच, कारण पेन्शन वाटपासारखं सरकारी काम ‘एजन्सी बिझनेस’ म्हणून रिटेलमध्ये मोडतं.

ट्रेझरी म्हटलं की सट्टा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात बँकेची सगळी गुंतवणूक या रकान्यात असते, आणि तिचा मोठा भाग सरकारी रोख्यांचा. एसएलआरच्या, म्हणजे वैधानिक तरलता प्रमाणाच्या, नियमाने बँकेला आपल्या देण्यांच्या १८ टक्के रक्कम अशा रोख्यांत, सोन्यात किंवा रोखीत राखावीच लागते. रोख्यांचं व्याज हे ट्रेझरीचं रोजचं उत्पन्न.

पण टिपणाचा गाभा पुढे आहे. पिंपळगाव बसवंतचा बागाईतदार द्राक्षाचे पैसे आले की शाखेत ठेव ठेवतो. तो पैसा वापरतात कॉर्पोरेट आणि ट्रेझरी. मग कमाई कुणाची? त्यासाठी बँकेने ‘फंडिंग सेंटर’ नावाचा विभाग उभा केला आहे. तो शाखांकडून ठेवी बाजारभावाला धरून कागदोपत्री विकत घेतो आणि कर्ज देणाऱ्यांना कागदोपत्रीच विकतो. प्रत्यक्षात रुपयाही हलत नाही. पण ही खरेदी-विक्री नसती तर भरपूर ठेवी आणि थोडी कर्जं असलेली शाखा नुसती व्याज वाटणारी, तोट्यातली दिसली असती. ठेव गोळा करणाऱ्याचं श्रेय त्याच्या पदरात टाकणारी ही दोन-तीन वाक्यं मला अख्ख्या अहवालात सर्वांत न्यायी वाटतात.

एक उणीव खटकते. थेट कुणाच्याच माथी न बसणारा खर्च कर्मचारीसंख्येसारख्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक रकान्याच्या नफ्यात थोडा अंदाज मिसळलेला असतो. शिवाय काही बँका रिटेलची रेघ शाखेवरून न आखता कर्जाच्या आकारावरून आखतात. तेव्हा दोन बँकांचा रिटेलमधला वाटा शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर आधी दोघींच्या व्याख्या वाचा. अहवाल बँकांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.