फादर स्टीफन्सची दोन पत्रे आणि एका नवख्रिस्त्याचा प्रश्न

साष्टी नावाचे दोन प्रदेश आहेत. घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा, जिथे मी गेली सव्वीस वर्षे राहतो, ते ठाण्याकडच्या साष्टी बेटावर येते. दुसरी साष्टी गोव्यातली, मडगाव-रायतूरकडची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात होत्या. 'ख्रिस्तपुराण' रचले गेले ते गोव्याच्या साष्टीत. ते रचणारा फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मिशनरी. दरवर्षी २७ फेब्रुवारीला त्याच्या मराठीस्तुतीच्या ओव्या आमच्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून हमखास ऐकू येतात. परदेशी पाद्र्यानेसुद्धा आपल्या भाषेला रत्न म्हटले, याचा आनंद वक्त्यालाही असतो आणि श्रोत्यांनाही. मलाही तो होत असे.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जुने मराठी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली सिद्ध केलेली 'ख्रिस्तपुराणा'ची प्रत वाचताना माझा आनंद हळूहळू बदलत गेला. तो का बदलला, हे सांगण्यासाठी हा लेख.

'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले, तेव्हा स्टीफन्स सदुसष्टीच्या घरात होता. स्तुतीच्या ओव्या या म्हाताऱ्या, मुरलेल्या पाद्र्याच्या आहेत. पण त्याने तरुणपणी लिहिलेली दोन पत्रे आपल्यापाशी आहेत, आणि ती आपण पुराणाशेजारी ठेवून वाचत नाही. तशी वाचली तर त्या ओव्यांचा अर्थ पालटतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी तो गोव्यात का आला ते पाहू. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेला बंदी होती. स्टीफन्स आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचे ठरवले. पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटला, १५७५ साली रोमला संघात दाखल झाला आणि पुढे पूर्वेकडे निघाला. आपला धर्म चोरून पाळावा लागणे म्हणजे काय, हे या मिशनऱ्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पहिले पत्र १० नोव्हेंबर १५७९ चे, वडिलांना लिहिलेले. वय तीस. ४ एप्रिलला लिस्बनहून निघालेली जहाजे २४ ऑक्टोबरला गोव्याला लागली. पत्राचा मोठा भाग या प्रवासाचा आहे : गिनीच्या बाजूला वारा पडून अडकलेली जहाजे, हिरड्या आणि पाय सुजवणारा रोग, समुद्रात पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याची अडचण. अखेरीस गोवा येते. द्राक्षवेल सोडली तर युरोपातले एकही झाड इथे दिसले नाही, असे तो कळवतो. सामान्य माणसे लंगोटीवर वावरतात आणि एवढ्यातच स्वतःला आपल्या थाटामाटातल्या लोकांइतकीच नीटनेटकी समजतात, असेही लिहितो. या वाक्यात थोडी थट्टा आहे, पण ती स्वतःच्या लोकांनाही सोडत नाही. नजर प्रामाणिक आहे, मात्र आहे ती नुसती नजरच. कान अजून उघडलेला नाही.

दुसरे पत्र २४ ऑक्टोबर १५८३ चे, भाऊ रिचर्ड याला लॅटिनमध्ये लिहिलेले. आता कान उघडला आहे. इथल्या भाषांचा उच्चार कानाला वाईट लागत नाही, त्यांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण तो नोंदवतो. विल्यम जोन्सने हीच दिशा दाखवली ती १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. भाषाशास्त्राचे अभ्यासक या पत्राचा उल्लेख करतात तो एवढ्यापुरताच.

पण त्याच पत्रात कुंकळ्ळी आहे. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला रोदोल्फो आक्वाव्हीवा होता, जवळजवळ स्टीफन्सच्याच वयाचा. गावकऱ्यांचा राग अकारण नव्हता. साष्टीतली देवळे आधीच पाडली गेली होती. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. ज्या कागदावर भाषेचे कौतुक आहे, त्याच कागदावर हे रक्त आहे. स्टीफन्सचे मराठीप्रेम शांततेच्या काळात फुललेले नाही.

आता पुराणाकडे येऊ. ज्या पहिल्या अवस्वरात भाषेची स्तुती आहे, त्याच अवस्वरात एक प्रसंग आहे. पाद्री ख्रिस्ती शिकवण देत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? सारा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे. हा प्रश्न स्टीफन्सने दडपला असता तरी चालले असते. त्याने तो दाराशीच ठेवला. उपासनेवरची बंदी ज्याने सोसली, त्यालाच दुसऱ्याच्या ग्रंथांवरची बंदी एवढी स्पष्ट मांडता आली, असे मला वाटते.

पण म्हणून त्याला निर्दोष ठरवता येत नाही. बंदी घालणाऱ्या सत्तेच्या आश्रयानेच तो बोलत होता, आणि पुराणातली शब्दकळा हे लपवत नाही. स्वर्गाला तो बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हणतो, छंद ओवीचा घेतो. पण 'बाप्तिज्म' आणि 'स्पिरितु सांतु' हे शब्द तसेच ठेवतो. भाषेवर त्याचा जीव आहे, तरी सिद्धान्ताच्या गाभ्यापाशी तो तिला उंबऱ्यावर थांबवतो. स्तुतीच्या ओव्या या मर्यादेसह वाचायला हव्यात.

स्टीफन्सला नुसता मराठीचा भक्त म्हणणारे आणि नुसता धर्मांतराचा हस्तक म्हणणारे, दोघेही त्या ब्राह्मणाला विसरतात. पुराण त्याने मागितले होते. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरीही गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी 'ख्रिस्तपुराणा'च्या हस्तलिखित प्रती जपल्या आणि ओव्या गायल्या. अशा प्रतींवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. पाद्र्याने दिलेले पुस्तक ऐकणाऱ्यांनी आपले करून घेतले होते.

येत्या २७ फेब्रुवारीला आमच्याकडे त्या ओव्या पुन्हा म्हटल्या जातील. वक्त्यांना एवढीच विनंती, की त्यांच्या पाठोपाठ त्याच अवस्वरातला तो प्रश्नही वाचावा. स्तुती पाहुण्याची आहे, प्रश्न आपल्या माणसाचा आहे.