ऑपेरा हाऊस : वास्तू आणि रसिक

आमच्या जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ उभ्या असलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसची कहाणी आम्हांला परकी वाटत नाही. १९११ साली, बांधकाम अपुरे असतानाच, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पाश्चात्त्य संगीतिकांसाठी उभारलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व व मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांनी नाटके केली. राजाच्या नावाची वास्तू रसिकांची झाली ती या कलावंतांमुळे, असे आमचे मत आहे. पुढे चित्रपटांनी रंगमंच व्यापला. कालांतराने प्रेक्षकही ओसरले आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन झाले. २०१७ मध्ये युनेस्कोने जीर्णोद्धाराचा गौरव केला. तो योग्यच होय. परंतु सोनेरी नक्षी उजळली तरी ओसरलेला प्रेक्षक आपोआप परतत नाही.

नाताळात आमच्या धर्मग्रामांतील मुले मंडपात येशूजन्माची नाटिका करतात. तेथे झुंबरे नसतात. पुढच्या रांगेत आजी मात्र असते. ती रांग भरलेली ठेवणे, हेच रंगभूमीचे खरे जतन.