बागेतला प्रेक्षक : डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या निमित्ताने

संग्रहालयास प्रेक्षक कसे मिळवावेत, ही चर्चा अलीकडे वारंवार ऐकू येते. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापुढे हा प्रश्न या रूपात फारसा उभा राहिलाच नाही. २ मे १८७२ रोजी ही इमारत लोकांस खुली झाली ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत. (व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम हे तिचे मूळ नाव, आजचे नाव १९७५ पासूनचे.) लोकांना बागच आणीत आली आहे. जनावरे पाहावयास आलेले, डबा बांधून सहकुटुंब आलेले, उन्हाच्या त्रासाने क्षणभर आत वळलेले असे हे लोक. संस्थेने त्यांस काय मानले, हा येथील खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर तिच्या निवेदनांत नव्हे, मांडणीत शोधावयास हवे.

१८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठी माल व कारागिरीचे नमुने जमविण्याच्या निमित्ताने या संग्रहाची कल्पना रुजली. तेव्हा अभिप्रेत असलेला प्रेक्षक व्यापारी व कारागीर हा होता. त्याने नमुना पाहावा, कच्चा माल ओळखावा, हुन्नर सुधारावा. जगन्नाथ शंकरशेट व भाऊ दाजी यांनी या कार्यास हातभार लावला, त्यामागे लोकशिक्षणाचीच तळमळ दिसते. लोकांनी मात्र अशा वास्तूस 'अजबखाना' म्हटले. हा शब्द अडाणीपणाचा द्योतक मानण्याची विद्वानांची रीत आहे. ती मला मान्य नाही. जो स्वतः कापड विणतो त्यास मागाचा नमुना नवे काही शिकवीत नाही. तो नमुना काचेमागे का ठेवला, याचेच त्यास नवल वाटावे हे रास्त आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी, जे. जे. कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाचीही सूत्रे असता, मातीच्या लहान प्रतिमांची भर पडली. निरनिराळ्या जातींचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे असा हा संसार आहे. कारागिरी इतकी बारीक की पागोट्याच्या घाटावरून माणूस ओळखावा. परंतु येथे एक विलक्षण गोष्ट घडते. कपाटाबाहेर जो उभा आहे त्याच्याच जातीचा वा धंद्याचा माणूस कपाटात उभा आहे, आणि आतल्याला व्यक्ती म्हणून नाव नाही. तो केवळ नमुना आहे. परक्या सत्तेच्या वर्गीकरणप्रिय दृष्टीने ज्यास 'प्रकार' म्हणून मांडले, त्याचाच नातू पुढे प्रेक्षक म्हणून आला. पागोटे बांधण्यात काय चुकले आहे, हे तो सांगू शकेल. ते ज्ञान टिपून घेण्याची सोय कोठे असते? तिकिटांच्या हिशेबात ते येत नाही. अभिप्रायवहीतही येत नाही, कारण तीत लिहितो तो लिहिण्याची सवय असलेला व बहुधा प्रसन्न झालेला मनुष्य.

२००८ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण होऊन दालने पुन्हा उघडली. युनेस्कोने २००५ सालीच या कामाचा गौरव केला होता, आणि तो यथार्थ होता. पुढे आधुनिक चित्रकार व शिल्पकारांस येथे आपले काम मांडण्यासाठी पाचारण करण्यात आले. बागेतल्या कुटुंबास हे परके, असा आक्षेप घेणे सोपे आहे. पण जितीश कल्लाट यांनी २०११ मध्ये बांबूंच्या परांचीसारखी रचना मांडली, तिचा दाखला पाहावा. मुंबईकरास परांची समजावून सांगावी लागत नाही. नुकत्याच सजविलेल्या इमारतीत दुरुस्ती अजून उरली की काय, असे वाटून थबकलेला माणूस त्या कृतीचा पुरेसा प्रेक्षक होय. माझा आक्षेप वेगळा आहे. सोन्याच्या वर्खाने उजळलेल्या दालनात शिरताच लोक आवाज खाली आणतात, मुलांना दटावतात. आणि ज्या बोलण्यातून काही कळले असते ते बोलणेच थांबते.

इमारतीबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो भंगला व पुढे तुकडे जुळवून उभा करण्यात आला. त्यासाठी गप्प बसावे लागत नाही. प्रेक्षकांची पाहणी करावयाची तर ती तेथून आरंभावी : किती जण हत्ती पाहून परततात, किती आत जातात, आणि आत गेलेले मातीच्या प्रतिमांपुढे आपसांत काय बोलतात. विभागातील दोन-तीन विद्यार्थी वही घेऊन चार रविवार तेथे उभे राहिले, तरी हे काम होण्यासारखे आहे.