रमाबाईंच्या साक्षीतील पाप आणि कृपा

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली त्यांची आत्मसाक्ष मात्र बहुधा पुराव्यापुरती वापरली जाते, ग्रंथ म्हणून क्वचितच वाचली जाते. तिच्यातले बालपण, दुष्काळातले आईवडिलांचे मरण आणि धर्मशास्त्रांवरील टीका हे भाग अभ्यासक आवर्जून घेतात. पाप, पश्चात्ताप आणि कृपा यांविषयीचा उत्तरार्ध आला की तो उतारवयातला भाविकपणा समजून बाजूला ठेवतात. माझे म्हणणे असे की, उत्तरार्ध वगळला तर पूर्वार्धातील बंडाचाही पुरता अर्थ लागत नाही.

आधी सिद्धांत काय आहे ते पाहू. मराठीत 'पाप' म्हणजे मुख्यतः घडलेले कृत्य. त्याचा हिशेब असतो, त्याला प्रायश्चित्त असते, आणि ज्याचे त्याने फेडायचे असते. त्यामुळे आदामाचा अपराध आणि शिक्षा सगळ्या मानवजातीला, हे ऐकताच आपल्याला अन्याय दिसतो. ख्रिस्ती परंपरेत पाप हे कृत्य तर आहेच, पण त्याआधी ती एक अवस्था आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आधारे ऑगस्टीनने (३५४–४३०) असे मांडले की, माणसाची इच्छाच मुळात वाकलेली आहे. चांगले काय ते कळूनही ते हवेसे वाटत नाही, हा खरा रोग. त्याचा समकालीन पेलाजियस विचारी की, देवाने आज्ञा दिली आहे, तर ती पाळण्याचे सामर्थ्य माणसात नको का? इ. स. ४१८ च्या कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसचे मत नाकारले. तरी प्रश्न संपला नाही. पौर्वात्य चर्चने आदामाचा दोष वारशाने येतो हे ऑगस्टीनच्या अर्थाने कधीच मान्य केले नाही. वादाचा गाभा एवढाच : माणूस स्वतःच्या बळावर सुधारतो, की आधी त्याला बाहेरून उचलावे लागते? या उचलण्याला कृपा म्हणतात. ती कमावता येत नाही, म्हणूनच ती कृपा.

आता रमाबाईंकडे येऊ. १८८२ सालचे त्यांचे 'स्त्री-धर्मनीति' हे पुस्तक स्वावलंबनाचे आहे. विद्या मिळवा, आळस सोडा, नीतीने वागा, असा त्याचा सूर. लेखिका उंचावरून बोलते आणि स्त्रियांच्या दोषांवर बोट ठेवते. पेलाजियसला हे पुस्तक आवडले असते. साक्षीतली बाई निराळी आहे. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना आपल्याला काय आढळले ते ती सांगते. इतर बाबतींत ग्रंथांचे एकमेकांशी पटत नाही; पण स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, स्वभावतःच वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, यावर मात्र त्यांचे एकमत आहे. म्हणजे 'जन्मतः पापी' हे शब्द रमाबाईंना ख्रिस्ती धर्मात प्रथम भेटले नाहीत. ते त्यांना आधीच ठाऊक होते, फक्त ते निम्म्या मानवजातीलाच लागू होते.

ही गोष्ट लक्षात घेतली की पुढचा प्रवास उलगडतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी त्यांना फुलम येथील आपले काम दाखवले. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. असे का करता, असे विचारल्यावर उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा समोर आली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सगळेच पतित असतील, तर 'पतित स्त्री' नावाची वेगळी जात उरत नाही. न्यायाधीश आणि आरोपी एकाच पायरीवर येतात. ज्या सिद्धांतात आपल्याला मानवाचा अपमान दिसतो, त्यात रमाबाईंना उतरंड मोडलेली दिसली.

पण साक्षीत आणखी एक वळण आहे, आणि समीक्षक अडखळतात ते तिथे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. हॅस्लम धर्मगुरू होता, आणि स्वतःचेच प्रवचन देताना त्याचे परिवर्तन झाले होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, असे रमाबाईंना वाटले. अनेकांना ही बुद्धिवादी सुधारकाची पीछेहाट वाटते. मला ती पहिल्याच विचाराची पूर्तता वाटते. १८८३ मध्ये 'सगळे पापी' हे त्यांनी इतर स्त्रियांच्या बचावासाठी मान्य केले होते. तोवर त्या स्वतः विदुषी, सुधारक, उद्धार करणाऱ्या होत्या. उद्धार हवा असणाऱ्यांत त्यांनी स्वतःला धरले नव्हते. १८९१ मध्ये 'सगळे' या शब्दात त्या स्वतः आल्या. 'स्त्री-धर्मनीति'तले उंचावरचे आसन इथे सुटते.

याचा परिणाम कामात दिसतो. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतांतून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, आणि ज्यांना कोणीच दारात उभे करत नव्हते अशा स्त्रियांसाठी तिथेच निघालेल्या घराला नाव दिले कृपासदन. सुधारगृह नव्हे, आश्रमही नव्हे. आत येण्यासाठी बाईने आधी चांगले असण्याची अट नाही, हे त्या नावातच सांगितले आहे.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो टाळता येणार नाही. उपाशी, निराधार मुलीला अन्न देणाऱ्या हाताने 'तू पापी आहेस' असेही सांगितले, तर ती नाही कशी म्हणणार? १९०५ साली मुक्तीत झालेल्या धर्मजागृतीत मुलींनी सामूहिक रडून पापकबुली दिली. तिच्यात मुक्तता किती आणि आश्रितपणाचे दडपण किती, हा प्रश्न प्रामाणिक आहे. शिवाय सगळे सारखेच पापी म्हटले की, छळणारा आणि छळ सोसणारा यांच्यातला फरक पुसट होतो. या सिद्धांताचा हा खरा धोका आहे, आणि रमाबाईंच्या साक्षीत त्याचे पुरेसे उत्तर मला सापडत नाही.

सापडतो तो एक दंडक. 'माणूस पापी आहे' हे वाक्य कोण, कोणाविषयी बोलतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. तृतीयपुरुषी बोलले तर ते स्मृतिकारांचेच वाक्य होते. फक्त धर्म बदलतो. साक्षीत रमाबाई ते प्रथमपुरुषी बोलतात. स्वतःला पतित म्हणणे संतांच्या अभंगांमुळे मराठी कानाला परके नाही. पण तिथली कबुली भक्ताची स्वतःपुरती असते. रमाबाई तीच कबुली सर्व मानवांच्या अवस्थेशी जोडतात, आणि तिच्यातून एका घराची व्यवस्था उभी करतात. साक्षीचा उत्तरार्ध वगळून रमाबाईंची समाजसुधारणा तेवढी घेऊ पाहणाऱ्याने, कृपासदनाचे दार अटीवाचून उघडे का होते, याचे दुसरे कारण द्यावे लागेल. मला अजून तरी ते सापडलेले नाही.