मार्लोकरांची वंशावळ

गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करायचं इंग्रजांना काही सुचलं नाही. थेम्सकाठी मार्लो नावाचं गाव आहे. तळं आटल्यावर मागे उरलेली जमीन, असा त्या नावाचा जुना अर्थ सांगतात. आपल्याकडे तिथली माणसं गाव सोडताच मार्लोकर झाली असती. तिकडे ती नुसतीच मार्लो राहिली.

साहित्यातल्या या कुळाचा मूळपुरुष नाटककार ख्रिस्तोफर मार्लो. जन्म १५६४, कँटरबरीचा, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. त्याची एकच सही आज सापडते आणि तीत आडनाव आहे ‘मार्ली’! या हिशेबाने डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधलं मार्लीचं भूतही वाटा मागायला यायचं, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलेलं बरं.

१५९३ च्या ३० मे रोजी डेप्टफर्डला मार्लोचा खून झाला. वय अवघं एकोणतीस. पंचनाम्याचा कागद १९२५ साली लेस्ली हॉट्सन यांनी उजेडात आणला. त्यात भांडणाचं कारण काय दिलंय? खाण्यापिण्याचं बिल! बिलावरून झोंबाझोंबी आपल्याकडेही होते, पण ती ‘मी देतो, मी देतो’ अशी. सुरा कुणी काढत नाही. गंमत म्हणजे ते घर एका विधवा बाईचं होतं, पण लोकांनी वर्षानुवर्षं त्याला गुत्ता ठरवलं. उलट गोल्डस्मिथच्या १७७३ मधल्या नाटकातला तरुण मार्लो भावी सासऱ्याच्या घराला खाणावळ समजून त्यालाच हुकूम सोडतो. घर आणि खाणावळ यांचा घोळ या आडनावाच्या पाचवीलाच पुजलेला दिसतो.

पुढचे दोन मार्लो मात्र गंभीर. कॉनरॅडचा खलाशी मार्लो १८९८ पासून गोष्टी सांगायला बसला. चँडलरचा गुप्तहेर फिलिप मार्लो १९३९ साली ‘द बिग स्लीप’मध्ये आला. बिलाच्या बाबतीत कुळातला शहाणा हाच: रोजचे पंचवीस डॉलर, खर्च वेगळा! चँडलर ज्या डलिच कॉलेजात शिकला, ते स्थापन केलं एडवर्ड अ‍ॅलनने. आणि मार्लोची बडी पात्रं रंगभूमीवर उभी केली तीही याच अ‍ॅलनने.

पण नुसत्या नावावरून नातं जुळत नाही. नाटककार मार्लोच्या नायकांना सगळंच हवं असतं. तैमूरला जग हवं. फाउस्टस चोवीस वर्षांच्या ऐश्वर्यासाठी आत्मा विकतो. नंतरच्या दोघा मार्लोंना स्वतःसाठी फारसं काही नकोच. ते फक्त हावरटांच्या मागोमाग जातात आणि पाहिलेलं सांगतात. हस्तिदंतासाठी माणूसपण गमावलेला कुर्त्झ हा फाउस्टसचाच भाऊ. फरक इतकाच, की आता मार्लो त्याचा साक्षीदार आहे. हावेचं तळं आटल्यावर उरलेली जमीन म्हणजे हे दोघे!

एवढं असून लोकांना मूळपुरुषाचं मरण काही पटत नाही. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतल्या कवींच्या कोपऱ्यात २००२ साली त्याच्या नावाची काच बसवली आणि मृत्यूच्या सालाला चक्क प्रश्नचिन्ह जोडलं. का, तर तो मेलाच नाही, लपून शेक्सपिअरची नाटकं लिहीत बसला, असं मानणारी मंडळी आहेत! मला हे प्रश्नचिन्ह आवडत नाही. एकोणतिसाव्या वर्षी माणूस गेला, त्याची न लिहिलेली नाटकं त्याच्याबरोबर गेली, हे दुःख आहे. ते सोसवत नाही म्हणून त्याला दुसऱ्याच्या घरी दत्तक कशाला द्यायचं? जे लिहिलं ते मार्लोच्याच नावावर राहू द्या. तेवढंही थोडं नाही.